न्यू पॅलेस नीट बघायचा असेल तर सुरुवात बावड्याकडनं करा

ताई, तुमचा प्रश्न असा की पुण्याहून स्वतःच्या गाडीनं शनिवार-रविवार कोल्हापूरला येणार, सोबत चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे ज्यांचे गुडघे दुखतात, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं, आणि यावेळी फक्त अंबाबाईचं दर्शन घेऊन परत न जाता न्यू पॅलेसमधलं म्हणजे छत्रपतींच्या राजवाड्यातलं म्युझियम व्यवस्थित बघायचंय, तर वेळ किती ठेवायचा, गाडी कुठं लावायची आणि काय आधी काय नंतर. बाहेरगावच्या पाहुण्यांना गाडीनं कोल्हापूर दाखवायचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळं सविस्तरच लिहितो.

पहिली गोष्ट, बहुतेक लोक मंदिर धरून दिवस आखतात. सकाळी दर्शनाची रांग, मग जेवण, मग दुपारी अडीच-तीनला ऊन डोक्यावर असताना, म्हातारी माणसं दमलेली असताना 'जाता जाता' न्यू पॅलेस, आणि चाळीस मिनिटात वाघ, तलवारी बघून बाहेर. असं बघून त्या घराचं काहीच हाती लागत नाही. तुम्ही राजवाडा धरून दिवस आखा आणि मंदिर त्याच्या बाजूला बसवा, मंदिर पहाटे पण उघडं असतं आणि रात्री पण, राजवाड्याचं तसं नाही.

आणि दुसरी गोष्ट जी मला खरं तर सगळ्यात महत्त्वाची वाटते. कसबा बावड्याकडनं न्यू पॅलेसवरनं टाउन हॉल आणि पुढं भवानी मंडपाकडं जाणारा जो रस्ता आहे ना, त्या एका रस्त्याच्या आजूबाजूला शाहू महाराजांचा जन्म झाला ते ठिकाण आहे, ते राहिले तो राजवाडा आहे, आणि त्यांची समाधी पण आहे. आख्खं आयुष्य चार-पाच किलोमीटरमध्ये. त्यामुळं न्यू पॅलेस एकटा बघू नका, या रस्त्यावर एका टोकापासून बघत या. गाडी असल्याचा फायदा हाच.

आता प्रवास. पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर धरा, तुम्ही कुठल्या भागातनं निघता त्यावर आहे. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके, फास्टॅगमध्ये पैसे असल्याची खात्री आदल्या रात्रीच करा. सातारा ते कागल सहापदरीचं काम चाललंय त्यामुळं कराडच्या आसपास आणि पुढं डायव्हर्जन लागतात, साडेचार तासाचे साडेपाच तास होऊ शकतात, म्हणून सासऱ्यांना घेऊन एका दमात येऊ नका. शनिवारी सकाळी सहाला निघा, साताऱ्याच्या अलीकडं किंवा पलीकडं नाष्टा, कराडनंतर अजून एकदा थांबून पाय मोकळे करायला लावा. गुडघ्याच्या माणसाला दोन तासापेक्षा जास्त एका जागी बसवलं की मग दुसऱ्या दिवशी राजवाड्यात उभं राहता येत नाही, हे मी खूप वेळा बघितलंय.

शनिवारी राजवाडा ठेवूच नका. मुक्कामाची खोली शक्यतो ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्क भागात घ्या, तिथनं न्यू पॅलेस अगदी जवळ आणि रस्ते रुंद, मंदिराजवळच्या गल्ल्यांमध्ये मोठी गाडी घालणं म्हणजे डोकेदुखी. पोचलात की जेवण, आणि सासऱ्यांना दुपारची झोप. संध्याकाळी रंकाळा, मुलांना भेळ, आणि जमलं तर रात्री उशिरा दर्शन. दर्शनाला जाताना गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा, ते भरलेलं असेल तर दसरा चौकात बघा, आणि तिथनं रिक्षा करा. पार्किंगपासून मंदिरापर्यंत चालत नेऊन सासऱ्यांचे पाय शनिवारीच संपवू नका, ते रविवारसाठी राखून ठेवायचेत.

रविवारी सकाळी आठला खोली सोडा, सामान डिकीत टाका आणि गाडी सरळ कसबा बावड्याकडं काढा. बावड्याची मिसळ खा, मुलांसाठी कट वेगळा मागा, ब्रेड सोबत येतोच. पोट भरलं की गाडी वळवून शहराकडं यायला लागायचं आणि इथनं खरी सुरुवात.

पहिला थांबा लक्ष्मी विलास, रस्त्यावरच. २६ जून १८७४ ला इथं यशवंतराव घाटगे जन्मले, कागलच्या जहागीरदारांच्या म्हणजे आप्पासाहेब घाटगेंच्या घरात. तेव्हा ते छत्रपती नव्हते, राजवाड्याशी नातं होतं पण गादीशी नव्हतं. मुलांना एवढंच सांगा की एक मुलगा इथं जन्मला आणि वयाची दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत त्याला शेजारच्या मोठ्या घरात दत्तक जावं लागलं. वीस मिनिटं पुरे, सासरे गाडीजवळ सावलीत बसले तरी चालेल.

मग न्यू पॅलेस. पुढच्या गेटनं आत जा, गाडी आवारातच लागते, जागा मोठी आहे, आणि तिकीट खिडकी उघडायच्या वेळेलाच पोचा. रविवारी अकरानंतर मोठ्या बस येतात, शाळांच्या सहली येतात, मग दरबार हॉलमध्ये शांत उभं राहता येत नाही. वेळ आणि तिकिटाचा दर आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या कारण सणावाराला बदल होतो, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेच्या तोंडाला तर जाऊच नका. एक लक्षात ठेवा की छत्रपती घराणं आजही या वास्तूत राहतं, म्युझियम खालच्या मजल्यावर आहे. म्हणजे आपण कोणाच्या तरी घरी जातोय. मुलांना हे गाडीतच सांगितलं की आत पळापळ, ओरडाआरडा आपोआप कमी होते, रागवावं लागत नाही.

तिकीट काढून लगेच आत शिरू नका. लोक इथंच घाई करतात. पंधरा मिनिटं बाहेर समोर उभं राहून ते घर बघा. काळा घडीव दगड, मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ. खांब बघितले तर गुजरात-राजस्थानच्या जैन देवळांची आठवण येते, कमानी बघितल्या तर मुसलमानी वास्तूंची, आणि एकूण मांडणी युरोपियन बंगल्याची. वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट, इंग्रज सैन्यातला इंजिनिअर. काम १८७७ ला सुरू झालं आणि १८८४ ला पूर्ण झालं, पण मँट १८८१ मध्येच वारला, त्यानं स्वतः हे घर पूर्ण झालेलं बघितलंच नाही. याच माणसानं कोल्हापूरचा टाउन हॉल आणि समोरचं सीपीआर हॉस्पिटल पण केलंय, बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस पण त्याचाच आराखडा. इंग्रजांनी भारतात राज्य करताना इथल्या जुन्या वास्तूंचे तुकडे घेऊन नवीन शैली बनवली, तिला इंडो-सारासेनिक म्हणतात, आणि त्याचा हा महाराष्ट्रातला अतिशय चांगला नमुना.

बाहेर उभं असतानाच मुलांना या घराच्या आधीची गोष्ट सांगून टाका, कारण आत गेल्यावर वाघ दिसले की कोण ऐकणार. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडला गेले होते, परत येताना १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारले, वय फक्त वीस. तिथंच नदीकाठी दहन झालं, आणि त्या जागेवर जी छत्री उभी आहे तिचा आराखडा सुद्धा मँटचा. त्यांच्यानंतर चौथे शिवाजी महाराज दत्तक आले, राजवाड्याचं काम निघालं तेव्हा तेही चौदा वर्षांचे, कारभार सगळा इंग्रजांच्या हातात. त्यांना वेडे ठरवून अहमदनगरला ठेवलं आणि तिथंच १८८३ च्या डिसेंबरमध्ये ते गेले. मग १७ मार्च १८८४ ला यशवंतरावांना दत्तक घेतलं, नाव ठेवलं शाहू. म्हणजे घर पूर्ण झालं त्याच वर्षी मुलगा गादीला आला. एवढं माहीत असलं की ते काळं दगडी घर नुसतं देखणं वाटत नाही, त्याच्यात किती दुःख मुरलंय ते कळतं. तुमची तेरा वर्षांची मुलगी हे नक्की धरून ठेवेल, त्या वयाच्या मुलांना आपल्याएवढ्या राजांच्या गोष्टी लगेच भिडतात.

आता आत. आत फोटो काढायला बंदी आहे, मोबाईल खिशात राहू दे, उलट त्यामुळं मुलं नीट बघतात. फिरताना सासऱ्यांना प्रत्येक दालनात उभं करू नका. घडीचा छोटा स्टूल गाडीत असू द्या आणि दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारून आत न्या, नाही म्हणाले तर कुठं टेकता येईल ते त्यांनाच विचारा, म्हाताऱ्या माणसांसाठी ते मदत करतात. माझी पद्धत अशी की ज्येष्ठांना आधी थेट दरबार हॉलला न्यायचं, तिथं त्यांना मनसोक्त बघू द्यायचं, आणि शस्त्रं, कपडे, चांदीची भांडी वगैरे दालनं बाकीच्यांनी नंतर बघायची. कारण दमल्यावर दरबार हॉल बघायला मिळाला तर काय उपयोग.

दरबार हॉलला निदान अर्धा तास द्या. दोन मजली उंच दालन, कोरीव कमानी, एका टोकाला सिंहासन, आणि रंगीत काचांच्या खिडक्या ज्यांच्यावर शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. युरोपात चर्चच्या खिडक्यांना अशा रंगीत काचा असतात, तिथं येशूच्या गोष्टी, इथं शिवाजी महाराजांच्या. मुलांना प्रसंग ओळखायला सांगा, प्रत्येकी तीन तरी, नऊ वर्षांच्या पोराला पण जमतं कारण शाळेत चौथीला शिवाजी महाराजच असतात. ढगाळ दिवस असेल तर काचा फिक्या दिसतात, थोडं थांबा, ऊन आलं की परत मान वर करा.

शिकारीच्या दालनांचं मला जरा जास्त सांगायचंय. पेंढा भरलेले वाघ, बिबटे, अस्वलं, गवे, जनावरांच्या अवयवांपासून केलेल्या वस्तू, हे सगळं इथं भरपूर आहे. काही मुलं खूश होतात, काही रडवेली होतात, दोन्ही बरोबर. हे लपवायचं कारण नाही आणि त्याची टिमकी वाजवायचं पण नाही. त्या काळात संस्थानिकांचा, इंग्रज अधिकाऱ्यांचा हाच शौक होता. पण कोल्हापूरचं वेगळेपण चित्त्यांमध्ये आहे, फोटोंमध्ये शोधा. इथं चित्ते पाळून त्यांच्याकडनं काळविटांची शिकार करायचे, त्यांना सांभाळणारी, शिकवणारी माणसं होती, हिंदुस्थानातले चित्ते कमी झाल्यावर आफ्रिकेतनं आणले. बैलगाडीवर किंवा घोडागाडीवर चित्ता बसवलेला, डोळ्यावर टोपी घातलेली, असे जुने फोटो बघून मुलं थक्क होतात. मग त्यांना सांगा की भारतातला चित्ता नामशेष झाला, आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात परत आफ्रिकेतनं आणावे लागले. भुसा भरलेल्या वाघासमोर उभं राहून जेवढं कळतं तेवढं पुस्तकात कळत नाही.

एवढं सगळं बघून एकूण दोन तास ठेवा, बाहेरचे पंधरा-वीस मिनिटं धरून. आवारात तळं आहे, हरणं आहेत, मुलांना तिथं मोकळं सोडा आणि तेवढ्यात मोठ्यांनी सावलीत पाणी प्या.

आता माझं जरा परखड मत. न्यू पॅलेसमध्ये राजेपणाच्या वस्तू भरपूर आहेत, पण शाहू महाराज ज्यासाठी 'राजर्षी' झाले ते या वस्तूंमध्ये फारसं दिसत नाही, ते तुम्हाला डोक्यात घेऊन जावं लागतं. २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखीव ठेवल्या, प्रत्येक जातीधर्माच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायला घेतलं, राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. ज्या माणसाच्या घरात एवढ्या शिकारी टांगल्यात त्याच माणसानं हे केलं. दोन्ही एकत्र डोक्यात ठेवून बाहेर पडलात तरच तो माणूस कळतो, नाहीतर एक संस्थानिक बघून आलो एवढंच.

आणि म्हणून राजवाड्यातनं निघाल्यावर गाडी टाउन हॉलच्या दिशेनं हळू चालवा. हा भाऊसिंगजी रोड. गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ राजवाड्याच्या पागेत कामाला होते, सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारलं गेलं. शाहू महाराजांनी त्यांना भांडवल देऊन याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं. लोक तिथं चहा प्यायला येईनात, तर महाराज स्वतः खडखडा म्हणजे त्यांची घोडागाडी हॉटेलसमोर थांबवायचे, चहा मागवायचे, आणि बरोबर बसलेल्या बड्या लोकांना पण तो चहा प्यायला लावायचे. हॉटेल आज नाही, पण रस्ता तोच. गाडीत बसल्या बसल्या सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट या शहरात नाही. पुढं टाउन हॉलजवळ नर्सरी बागेत शाहू महाराजांची समाधी आहे, सपाट जागा, सासऱ्यांना उतरवायला सोपं, आणि जागा शांत. याच बागेत गंगाराम कांबळे आणि त्यांच्या लोकांनी महाराजांचं पहिलं स्मारक उभं केलं होतं. मोठ्या राजवाड्यानंतर इथं आल्याशिवाय तो दिवस पुरा होत नाही असं मला मनापासून वाटतं.

टाउन हॉल म्युझियम लगेच शेजारी, गाडी तिथल्या आवारात जागा असेल तर लावा नाहीतर दसरा चौक. इमारत मँटचीच, १८७० च्या दशकातली, आणि आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू आहेत. पंचगंगेच्या काठी कोल्हापुरात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटीशी काशाची मूर्ती निघाली, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांचा रोमशी व्यापार होता. पाऊण तासात होतं. मुलं भुकेली असतील तर सोडून द्या, हट्ट नको.

जेवणानंतर अंगात जीव असेल आणि सासरे हो म्हणाले तरच राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं घर बघा. नट म्हणून त्यांना सगळे ओळखतात पण ते चित्रकार पण होते, त्यांचा बंगला आता सरकारी कलासंग्रहालय आहे, पावडर शेडिंगची त्यांची चित्रं म्हणजे कोरडे रंग बोटानं कागदावर घासून काढलेली निसर्गचित्रं. राजाचं घर बघितल्यावर कलावंताचं साधं घर बघायला फार छान वाटतं. राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये रविवारी दुपारी गाडी लावायला अडचण येत नाही.

दिवस निवडताना सोमवार नको, सरकारी म्युझियमं सोमवारी बंद असतात. मंगळवारी आणि शुक्रवारी मंदिराची गर्दी जास्त. नवरात्रात आणि दसऱ्याला गाडी घेऊन शहरात येऊच नका, दसऱ्याचा शाही सोहळा बघायचा असेल तर त्यासाठी स्वतंत्र या आणि गाडी लांब ठेवून या. चैत्रात जोतिबाची यात्रा असते तेव्हा पण रस्ते भरलेले असतात. मला विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, एप्रिल-मे मध्ये दगडी आवारात ऊन सहन होत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर निघायच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघाच. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, आणि चाळीसच्या वर गेली की मी पाहुण्यांना सरळ तारीख बदलायला सांगतो. २०१९ आणि २०२१ ला हायवेच बंद पडला होता शिरोलीजवळ, लोक दिवसच्या दिवस अडकले. शिये-बावडा रस्त्यावर त्याच्या आधीच पाणी येतं, आणि न्यू पॅलेसच्या मागचा रमणमळ्याचा भाग पण पाण्याखाली जातो.

परत निघताना तीनच्या पुढं थांबू नका. रविवार संध्याकाळी खेड शिवापूरला काय होतं ते तुम्ही पुण्याचे, तुम्हाला मी सांगायला नको. पाणी नसेल आणि दिवसा उजेडी निघत असाल तर बावड्यावरनं शिये फाट्याला हायवेला लागा, कावळा नाका आणि तावडे हॉटेल या चौकांमधली गर्दी चुकते, पण मोठी गाडी असेल किंवा अंधार पडला असेल तर नेहमीचा तावडे हॉटेलचाच रस्ता धरा. आणि सासऱ्यांसाठी पहिला थांबा किणी टोलनंतर लगेच घ्या, कराडची वाट बघत बसू नका.